न चाखलेली वाटी

आईनं बजावलं आहे, स्वयंपाकघरातलं बाहेर सांगायचं नाही. पण विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात किस्से उष्ट्या भांड्यांसारखे साचतात. एक घासून ठेवावं, तोवर चार पुढ्यात! वर्गात मला बोलणं जमत नाही, म्हणून लिहिते.

*

आमच्या धानोऱ्याकडच्या गावात जंगलालगत हे विश्रामगृह आहे. आई आणि आमच्या शेजारच्या सुगनामावशी तिथं जेवण करतात. परवा मॅनेजर मोहनभाऊ आले.

"बाई, पुण्याचे पाहुणे येऊन राह्यले. त्याहीले सकाळी ग्रीन टीचा स्मूदी बाऊल पाह्यजे. जमला त नाश्त्याचं काम तुमचं. नाई त मी गडचिरोलीहून आचारी आणतो."

आईचा चेहराच उतरला. मी मोबाईलवर वाचून दाखवलं: फळं आणि थंड ग्रीन टी मिक्सरमध्ये घट्ट वाटायची, वाटीत ओतून वर फळांचे काप मांडायचे.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे दातवाल्याहीनं बिनदाताचं खायाचं!"

*

ग्रीन टी मावशींनी केली. काळी होईपर्यंत उकळली, आलं टाकलं, साखर टाकली आणि दूध शोधायला लागल्या!

"मावशी, पुडी नुसती गरम पाण्यात बुडवून काढायची."

"काऊन? उकळी नाई दिली त पाहुण्याले वाटंन, जंगलात राहून याहीच्याकडं सरपण नाई!"

*

केळी गोठवलेली हवीत, असं लिहिलं होतं. आईनं ती सालासकट फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी सुरीच आत जाईना.

"केळं हाय का सागाचं लाकूड? कुऱ्हाड आणू का?" मावशींनी विचारलं. एरवी आई हसली असती. त्या दिवशी तिनं ती पाण्यात टाकून साल सोलायला घेतली.

*

अखेर दोन वाट्या भरल्या. भाऊंनी बाजारातून आणलेला हंगामातला पहिला आंबा, केळं, वर पपईचे काप. आई म्हणाली, "मावशी, चाखून पाहा."

"पंडुम व्हायचा हाय. देवाले दाखवल्याबिगर नवा आंबा तोंडाले लावाचा नाई."

आमच्या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, सगळेच पाळतात. घाईत आई विसरलीच होती; मग तिनंही चाखलं नाही, मीही नाही. भाऊ बल्लारपूरचे, ते चाखतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

"मले शुगर हाय!"

वाट्या न चाखताच बाहेर गेल्या. 

*

आम्ही पडद्याआड उभ्या होतो. पाहुण्या काकूंनी चमचा उचलला आणि विचारलं, "कुणी केलंय हे?"

आईनं मलाच पुढं ढकललं.

"छान दिसतंय गं! तू खाल्लंस का?"

"नाही."

"आईनं?"

"कुणीच नाही."

काकूंनी चमचा खाली ठेवला. शेजारी बसलेल्या काकांनी आपली वाटी हळूच दूर सारली. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

वर्गात जमत नाही, तरी मी पंडुमचं सगळं सांगितलं. आधी देवाला, मग गावाला. तोवर कुणीच नाही.

काकू म्हणाल्या, "मग आम्हीही थांबतो. पंडुम कधी आहे?"

"रविवारी."

त्या भाऊंकडे वळल्या. "रविवारपर्यंत खोली मिळेल? आणि आत्ता, तुम्ही सगळे सकाळी जे खाता, तेच द्या."

आईनं आमच्यासाठी केलेली तांदळाची पेज वाढली. दोघांनीही दोनदा मागून घेतली!

भाऊ आत आले आणि दारातच उभे राहिले. "बाई, आचारी नाई आणत आता. पण रविवारी गावाच्या आधी याहीले वाढाचं, का याहीच्या आधी गावाले?"

तेव्हा आई पदराला हात पुसत भाऊंना म्हणाली की...

थांबा, आतून आई हाक मारतेय, भांडी साचलीत. आले गं आई, आले!