वडिलांच्या वजनाची गाडी

आमच्या दमणीला बैठकीखाली धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानी होत्या. त्या काळी कल्याणात बैलगाडीला कमानी म्हणजे चैनच समजत, आणि वडिलांना ती चैन शोभतही असे. कळव्याच्या मिठागरांतून मीठ आणून ते गावोगाव विकत, त्यामुळे हिंडणे सारखे. शिवाय अंगाने चांगलेच दांडगे. नव्या गाडीतून पहिल्यांदा निघाले तेव्हाच कमानी पार खाली टेकल्या आणि आस दणादण आपटू लागला. मग लोहाराने दोन्ही बाजूंच्या कमानींत एकेक जाड पट्टी जास्तीची घातली आणि गाडी सुधारली. शहाडच्या नदीपलीकडे आंबिवलीकडची वाट म्हणजे नुसते दगड आणि शेताचे बांध, पण वडिलांशेजारी बसून जाऊन आलेली आई म्हणायची, पोटातले पाणी हलत नाही.

वडील गेल्यावर वर्षभर आई घराबाहेर पडली नाही. मग एके सकाळी आंबिवलीच्या पुढच्या गावाहून माणूस आला. आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि तिला बोलावत होती. माहेरचे म्हणावे असे आईला तेवढेच एक माणूस उरले होते. ती लगेच निघाली. मीही पुढे गाडीवानाजवळ बसलो.

गाडी इतकी आपटली की मला आश्चर्य वाटले. आईचे कंबरेचे दुखणे जुने. आधी ती दांडी घट्ट धरून बसली, मग बोलेनाशी झाली, आणि शहाड यायच्या आत म्हणाली, थांबव. झाडाखाली घोंगडी टाकून तिला निजवले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी घाबरलो, आणि आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर जो तो शहाणपण सांगू लागला. गाडीवान रस्त्याला नावे ठेवी, चुलते कमानींच्या गंजाला, लोहार गाडीवानाला. मी कमानी घासून घेतल्या, तेल घातले आणि तळ्यापर्यंत चक्कर मारून आलो. माझी हाडे खिळखिळी झाली. मी तेव्हा अगदी काटकुळा होतो. मी बसलो काय, न बसलो काय, गाडीला पत्ताच नव्हता.

आई आत पडल्या पडल्या आमची चर्चा ऐकत होती. भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "गाडी त्यांच्या वजनाची आहे रे. ते बसत नाहीत, म्हणून आपटते."

इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मी म्हटले, मग जास्तीची पट्टी काढून घेऊ, लोहाराला कितीसा वेळ लागतो. तर आई म्हणे, ती त्यांनी घालून घेतली आहे, राहू दे. मला राग आला. तिकडे मावशी घटका मोजते आहे आणि इकडे लोखंडाच्या पट्टीचा मोह. पण आईशी वाद घालण्यात अर्थ नसे. वडिलांच्या जागेवर मी मिठाची दोन पोती चढवली आणि दोरीने आवळून बांधली. आईने पोत्यांकडे पाहिले आणि शेजारच्या आपल्या नेहमीच्या जागी बसली.

कमानी खाली दबल्या आणि गाडी मऊ चालू लागली. नदीच्या उतारात चाक धोंड्यावर चढले, गाडी कलली, तसा आईचा हात पोत्यावर गेला. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो तिथेच होता. मी बैलांकडे पाहत बसलो.

मावशी जिवंत होती. दोघी एकमेकींचा हात धरून लहानपणीची भांडणे उकरून काढत बसल्या. स्वयंपाकघरात मावशीची सून मिठाच्या मडक्याचा तळ खरवडत होती. आईने ते पाहिले मात्र, मला दोन्ही पोती उतरवायला सांगितली. मी म्हटले, आपण परत कसे जायचे? ती म्हणाली, बघू. चार घोट पेज पोटात जाऊ लागल्यावर मावशी उठून बसली, आणि आम्ही निघताना तिने आईकडून पुन्हा येण्याचे वचन घेतले.

परतताना गाडी पुन्हा आपटू लागली. खाली पेंढा पसरला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. आईने दात आवळून सगळे सोसले. नदी ओलांडल्यावर तिने गाडी थांबवली, कंबरेला हात लावून खाली उतरली आणि वाकून कमानीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"उद्या लोहाराकडे ने," ती म्हणाली. "ती पट्टी काढून टाक. आता या गाडीत मलाच बसायचं आहे."

मी हात पुढे केला, पण तो न धरता ती आपली आपण चढली, आणि बैठकीच्या मधोमध बसली.