सरांनी फेडलेली सावड

नगर जिल्ह्यातलं एखादं पोरगं नापास का झालं, हे परमेश्वराच्याही आधी एका माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे कर्जत तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारे सर. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं कशामुळे टिकतात आणि कशामुळे गळतात, यावर ते पीएच.डी. करताहेत. किती वर्षं, ते विचारू नये. ज्यांनी त्यांची पहिली प्रश्नावली भरली, त्यांची मुलं आता आमच्याकडे ॲडमिशनला येतात. लग्नात अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे धावतात, सर स्टेजवर चढतात. एकदा नवरदेवाचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "एस.वाय.ला बरा होतास की! मधेच का सोडलंस?" नवरदेवानं नवरीकडे पाहिलं, नवरीनं नवरदेवाकडे, आणि नेमका तोच फोटो आला!

यशाचे घटक त्यांना कुठेही सापडतात. एक मुलगा रोज पहिला तास बुडवायचा. सर थेट त्याच्या गोठ्यात पोहोचले. म्हैस त्या मुलाशिवाय कुणालाही पान्हा सोडत नव्हती. झालं, प्रबंधात 'म्हशीचा स्वभाव' हा घटक दाखल! पुण्याच्या मार्गदर्शकांनी तो खोडला, तेव्हा सर स्टाफरूममध्ये मला संतापून म्हणाले, "मार्गदर्शक बदलीन, पण म्हैस काढणार नाही."

गेल्या हिवाळ्यात टी.वाय.च्या सुनीतानं सांगितलं, की उद्याच्या शेवटच्या पेपरला ती येणार नाही. लग्न झालेली पोर. पेपर बुडाला असता तर वर्ष गेलं असतं, आणि सासरी पुन्हा फॉर्म कोण भरू देणार? सरांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि तिचं घर गाठलं. सासू ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"सर, आमी काय तिच्या वाईटावर न्हाई. पर शेजारच्या बाया आमच्यात दोन दिस कांदा लावून गेल्या. उद्या त्यांच्यात लागण हाय. सावड फेडाया घरचं एक माणूस द्यावंच लागतं. माजं गुडघं असं, ल्योक टेम्पो घेऊन गेलाय. कुणाला धाडू?"

"माणूसच हवं ना?" सर म्हणाले. "मी येतो."

सासूनं त्यांना इस्त्रीच्या पँटपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी? बसता तरी येतं का उकिडवं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी रजेच्या अर्जावर 'संशोधन' असं कारण लिहिलं. दुपारी मी रानात गेलो. खोटं कशाला बोलू, मजा बघायलाच गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सर दहा बायकांच्या ओळीत ओल्या वाफ्यात बसले होते. त्यांची रोपं कॉपी करायला निघाल्यासारखी एकमेकांकडे कलली होती.

"ओ सर, रोप दाबा! गुदगुल्या काय करताय त्याला?"

"मावशी, तुमचं शिक्षण किती झालंय?"

"हात चालवा आदी! तोंडानं कांदा लागत न्हाई!"

अख्खं रान हसलं. मी तर बांधावर बसून डोळे पुसले.

ऊन कलल्यावर सुनीता परीक्षेहून थेट रानातच आली. हॉल तिकीट कमरेला खोचून ती सरांशेजारी बसली आणि मुकाट्यानं त्यांची रोपं सरळ करू लागली.

"सगळा लिहिलास?"

"सगळा, सर. पुरवणी बी घेतली."

सरांनी पुढचं रोप घट्ट दाबलं. उठायला मात्र त्यांना दोन बायकांनी हात द्यावा लागला.

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये महिनाभर रंगवून सांगितला. उठतानाची सरांची कळ तर उत्तम वठायची. मग एकदा वर्गात हजेरी घेताना एका मुलीच्या नावाला उत्तर आलं नाही. वीस वर्षांच्या सवयीनं मी फुली मारायला पेन टेकवलं आणि थांबलो. अशा कितीतरी फुल्या मी मारल्या असतील. त्या-त्या दिवशी त्या पोरी कुणाच्या रानात बसल्या होत्या, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.