नवा पत्ता

मेलेलं माणूस स्वप्नात आलं, तर ते मागेल ते द्यायचं नाही, असं सासूबाईंनी निघताना बजावलं, तेव्हा केतकीने हो-हो करत बॅगेची चेन ओढली. एम.एस्सी. झालेल्या सुनेने यावर बोलायचं तरी काय? सासूबाई स्वतः आल्या नाहीत. त्यांच्या माहेरचा राजवाडा दुरुस्त होऊन त्याचं हॉटेल झालं, बाग पुन्हा पहिल्यासारखी फुलली, पण त्यांचं एकच: आक्का गेल्यापासून तिथं पाय ठेवायचा नाही. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न न करता शेवटपर्यंत त्या राजवाड्यात एकट्या राहिल्या.

आता त्याच हॉटेलात दुपारची जेवणं झाली आहेत. नवरा, विश्वजित, बाग बघायला गेलाय. तान्ह्या इराला कुशीत घेऊन केतकी आडवी झाली आहे. खालच्या कारंज्याचा आवाज ऐकता ऐकता पापणी जड होते, आणि पलंग कारंज्याच्या काठाला लागतो.

काठावर आक्कामावशी पाण्यात पाय सोडून बसल्या आहेत. डोक्यावरून पदर, केतकीच्या लग्नात होता तसाच. कारंज्यात हे भलतेच मासे कुणी सोडले म्हणून कुरकुरतात. मग हात पुढे करतात.

"आण बघू पोरीला. नाक आमच्याकडचं दिसतंय."

केतकी इराला आवळून धरते. झोपलीय म्हणते, उठली तर रडेल म्हणते.

"भितीस होय? खात नाही मी तिला."

हे ऐकून तर तिचा संशय वाढतोच. ती बागेच्या वाटेने झपाझप निघते. मेंदीचं कुंपण वळतं ते थेट सासूबाईंच्या जुन्या, विकून टाकलेल्या घराच्या जिन्यात. मावशी आधीच वरच्या पायरीवर. दाराला कुलूप. कितीदा येऊन गेले, मावशी सांगतात, धाकटी बहीण हौसा काही भेटत नाही, शेजारीपाजारी ओळख दाखवत नाहीत. बोलता बोलता त्यांचं गार बोट इराच्या पावलाला लागतं.

"बाळ राहू दे बाई तुझं. माझी हौसा कुठं असते, तेवढं सांग."

बोट अजून पावलावरच आहे. केतकीला तेवढंच दिसतं. आणि पत्ता म्हणजे काही वस्तू नव्हे.

"साताऱ्यात. मधुबन सोसायटी, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे."

बोट निघतं. "गुणाची गं माझी," म्हणत मावशी पदर सावरतात.

केतकी दचकून उठते. इराचा श्वास चालू आहे, पाय उबदार आहेत. पलंगापाशी फरशीवर मात्र ओली पावलं उमटली आहेत. आत आलेलं एकही नाही, सगळी दाराकडे गेलेली.

सासूबाईंचा फोन वाजतोय, त्या उचलत नाहीत. विश्वजित म्हणतो, दुपारच्या पडल्या असतील. आत्ता गाडी काढली तरी सातारा गाठायला रात्र होईल. तुम्ही तिकडचे असाल, तर केतकी तुम्हाला हात जोडून सांगते आहे, उठा आणि जाऊन बघा. पत्ता आता तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी हसत दार उघडलं तरी लगेच फिरू नका. पाणी मागायच्या निमित्ताने आत जा, आणि ओट्यावर चहाचे कप किती मांडलेत, तेवढं बघून या.