जोडीतली दुसरी बंदूक

आजोबांच्या दोन दुनळी बंदुका होत्या, एकाच कारखान्यातल्या, जोडीच्या. आंबिवलीकडच्या शेतात रानडुकरं यायची तेव्हाच्या. पुढे लायसन बदलून एक माझ्या नावावर आली, दुसरी धाकट्या चुलतभावाच्या. वाटणी अगदी सारखी, तरी चांगली त्यालाच गेली असं मला कायम वाटायचं. त्याच्या दारातल्या आंब्यालाही मला जास्तच मोहर दिसतो. स्वभावाला औषध नाही.

दसऱ्याला दोन्ही बंदुका एकाच पाटावर पूजेला मांडतात. सोनं द्यायला आलेली माणसं हात जोडून झाले की बंदुका निरखतात. एका वर्षी मी ठरवलं, यंदा सगळ्यांनी फक्त माझीच बघायची. कल्याणात समयांना निकेल चढवणारा एक कारागीर होता. लायसनची वस्तू सोडून येता येत नाही, म्हणून दिवसभर त्याच्या दुकानात बसलो. त्याने नळ्या घासून चकचकीत केल्या, दस्त्याच्या लाकडाला नवं पॉलिश मारलं. दस्त्यावरचा एक काळपट डाग निघत नव्हता, तोही मी हट्टाने काढायला लावला.

त्या दसऱ्याला सगळ्यांनी माझ्याच बंदुकीचे फोटो काढले. शेजारी भावाची काळवंडलेली पडली होती. मला त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

मग निवडणूक लागली. तेव्हा बंदुका पोलिसांकडे किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा कराव्या लागतात. मी माझी ठाणे शहरातल्या बंदुकांच्या एका दुकानात ठेवायला नेली. म्हाताऱ्या मालकांनी चष्मा लावून ती उलटसुलट बघितली.

"कोणी केलं हे?"

"मीच करून घेतलं."

"नळीवरची कोरीव वेल गेली, कारखान्याचं नाव पुसलं. जुन्या बंदुका जमवणारे मूळचा रंग आणि मूळची झीज बघतात हो. आता हिला कोण विचारणार? जोडीचा आकडा तेवढा शिल्लक दिसतोय; दुसरी कुठंय?"

"भावाकडे."

"त्यांना म्हणावं, तेलाशिवाय काही लावू नका. शौकीन माणूस तिच्यासाठी मागाल ते देईल."

मी भावाला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला त्यानेच विचारलं, "दादा, तुझ्या त्या कारागिराचा नंबर दे ना."

मी लगेच दिला. वर म्हणालो, "एक नंबर काम करतो." आपण पाप करतोय हे कळत होतं, आणि बरंही वाटत होतं.

दिवाळीत मुद्दाम त्याच्या घरी गेलो. बंदूक होती तशीच, काळी.

"गेलेलो रे मी त्याच्याकडे," भाऊ म्हणाला. "तो बोलला, पहिला दस्त्यावरचा हा डाग काढू. अरे, इथं आजोबा नेम धरताना गाल टेकवायचे. मग तशीच परत घेऊन आलो."

तिची किंमत त्याला अजून माहीत नाही. आणि तो डाग माझ्या बंदुकीवरही होता. मी समोर बसून, चहा पीत, घासून घेतला.