गड्डा न धरणारा कोबी

आखातातल्या सूर या बंदराच्या गावी आम्ही राहायचो त्या घराच्या मागे छोटं अंगण होतं आणि गल्लीत मोकाट शेळ्या. हिवाळ्यात लेट्यूस लावायचं माझ्या मनात आलं, तेव्हा पहिली अडचण शेळ्यांचीच होती. नवरा तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्याने पाइप वाकवले, वर जाड प्लास्टिक ताणलं आणि वाकून आत शिरता येईल एवढं हरितगृह मला उभं करून दिलं.

घरमालक वरच्या मजल्यावर राहत. उमेदीच्या काळात होड्या बांधलेले, मुंबईच्या फेऱ्यांत हिंदी शिकलेले. ते खाली येऊन प्लास्टिकवर टिचक्या मारत म्हणाले, "यहाँ ठंड किधर है? ये किसका घर है?"

"पत्तों का," मी म्हटलं.

"माशाल्ला! मेरे किरायेदार ने भी किरायेदार रख लिया!"

थंडीबद्दल त्यांचं चुकलं नव्हतं. नोव्हेंबरात आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. पेरलेलं बी उगवेचना. मग कुठेतरी वाचून मी बी ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. नवऱ्याने ती डबी उघडून विचारलं, "मोहरीची उसळ करतेयस?" पण बियांना मोड आले! मग त्याने प्लास्टिकच्या दोन्ही टोकांना जाळी लावून वारा खेळता केला, दुपारपुरती वर जुनी चादर टाकायला लागलो, आणि जानेवारीत लेट्यूसची पानं अशी फुलली की मी दिवसातून चारदा आत डोकावायची. शेजारी मुळा आणि जर्जीर, म्हणजे तिथली तिखटसर पालेभाजी, पण जीव सगळा लेट्यूसवर.

त्याच सुमारास गुहागरहून सासूबाई राहायला आल्या. मी घरमालक आणि त्यांच्या बायकोला शुक्रवारी जेवायला बोलावलं. आपल्या हातचं सॅलड मधोमध मांडायचं, एवढाच त्या जेवणाचा हेतू.

शुक्रवारी आम्ही दोघं मासे आणायला बाजारात गेलो. परत आलो तर घरभर हिंगाची फोडणी.

"आई, काय केलंत?"

"अगो, तुझा तो कोबी गड्डाच धरीना. नुसता पसरलेला. म्हटलं, जून होऊन वाया जायचा. काढला आणि पीठ पेरून भाजी केली." मग जरा खट्टू होऊन म्हणाल्या, "टोपलीभर होता, पण शिजून वाटीभर झाला बघ. पाणीच फार सुटलं."

मी अंगणात धावले. कडेची एक ओळ तेवढी उभी होती. बाकी वाफे स्वच्छ. मला रडू येणार होतं, पण मागून नवऱ्याचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हताच, दाबलेलं हसू होतं. मग मलाही आवरेना. सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "काय झालं तरी काय?"

पाहुणे आले. घरमालकांनी मासा बाजूला सारून ती वाटीभर भाजी चमचा चमचा करत पुन्हा पुन्हा वाढून घेतली. त्यांच्या बायकोला कृती हवी होती. सासूबाईंना ना हिंदी येत ना अरबी. त्यांनी गुहागरच्या मराठीत, हातवारे करत, बेसन कसं भुरभुरायचं ते सांगितलं, आणि त्या बाईंनी मान डोलावत सगळं समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघी हरितगृहात शेजारी बसून मुळे उपटत होत्या आणि आपापल्या भाषेत सुनांबद्दल बोलत असाव्यात, कारण मी दिसताच दोघी गप्प झाल्या.

उरलेल्या ओळीचं सॅलड मी पुढच्या आठवड्यात केलं. लिंबू, मीठ, तेलाचे दोन थेंब. सासूबाईंनी एक पान चावलं, बराच वेळ चावलं.

"गुरांना बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि वाडगा आपल्याकडे ओढला.