जेडची पानं आणि आमची मनी

मांजरवाल्यांनो, घरात जेडचं रोप असेल तर हे वाचा.

आज सकाळी हिंजवडीला ऑफिसला निघत होते, तेवढ्यात आमची मांजर मनी सोफ्यामागे ओकताना दिसली. ओकारीत जाड हिरव्या पानांचे तुकडे होते. खिडकीतल्या जेडची खालची फांदी कुरतडलेली. मनी उठायला गेली आणि तिचे मागचे पाय लटपटले.

ऑफिसला सुट्टी कळवली आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, "जेड मांजरांना बाधतं. लगेच आणलंत ते बरं केलंत." सलाइन लावल्यावर दुपारपर्यंत ती सावरली.

येताना नर्सरीत गेले. रोप घेताना मी मुद्दाम विचारलं होतं, घरात मांजर आहे, चालेल ना? मालक म्हणाले होते, "बिनधास्त ठेवा."

आज म्हणाले, "अहो मॅडम, मांजराला काय चालतं ते आम्हाला कसं माहीत असणार?"

"मग बिनधास्त कशाच्या जोरावर म्हणालात?"

"सगळेच नेतात हो."

मनी आता माझ्या मांडीवर झोपली आहे. रोप घराबाहेर गेलंय, पण डोकं अजून तापलेलंच आहे. मला सांगा, "माहीत नाही" एवढं म्हणायला लोकांना इतकं जड का जातं?