हुकूम कोनाचा?

माझ्या भाऊजींना पूर्णपणे बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या राळेगाव तालुक्यात सापडायचा नाही. ताईशी त्यांचं लग्न लागलं तेव्हा अंतरपाट धरलेला असताना ते दोनदा मांडवाची कनात नीट करून आले, असं आमची आई सांगायची. आई वाढवून सांगते हे मान्य केलं तरी एकदा तरी गेलेच असतील. खुर्चीवर बसले तरी अर्धेच बसतात, उरलेला अर्धा माणूस दाराकडे निघालेला असतो. चहाचा कप हातात घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारणार. जेवताना भाजी संपली की ताईची वाट न बघता स्वतः पातेलं आणायला उठणार, जाता जाता गोठ्यात डोकावणार, गोठ्यातून विहिरीवर जाणार, आणि परत येईपर्यंत भाकर गार. ताई म्हणते, "ह्या मानसाले देवानं बूड देल्लं, पन टेकाले सांगाचं इसरला."

अशा माणसाचा पाय मोडला. गोठ्याच्या टिनावर चढून वांदरं हाकलत होते. वांदरं आपल्या पायानं गेली, भाऊजी तेवढे पडले. दीड महिना प्लास्टर! घरातल्यांनी देव पाण्यात ठेवले, ते पायासाठी नव्हे, दीड महिना हा माणूस बाजेवर पडून घराचं काय करील या काळजीनं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातला सगळा मजकूर वाचून काढला. वर्तमानपत्रं, पंचांग, बियाण्याच्या पिशव्यांवरच्या सूचना, मिक्सरचं वॉरंटी कार्ड. मग माझ्या भाचीची पुस्तकं हाती लागली. ती यवतमाळला वकिली शिकते. त्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक ठोकळा होता, आणि त्याची पुढची पानं उंदरांनी खाल्लेली असल्यामुळे भाऊजींनी मधूनच सुरुवात केली. तो धडा होता आक्रमणाच्या गुन्ह्याचा.

भाचीचं म्हणणं, परीक्षेत त्यावर फार तर एक टीप येते. तिच्या वडिलांना मात्र तो धडा झोंबला तो झोंबलाच. एका देशानं दुसऱ्या देशात सैन्य घुसवलं, त्याच्या जमिनीवर ठाण मांडलं, त्याच्या बंदराला वेढा घातला, तर ते आक्रमण. आणि हा गुन्हा लागतो तो फक्त वर बसून बेत आखणाऱ्याला, हुकूम सोडणाऱ्याला. सीमा ओलांडून जाणाऱ्या साध्या शिपायावर तो लागत नाही. एवढंच काय ते. पण शिपायाच्या वाक्याखाली भाऊजींनी पेन्सिलीनं इतक्या वेळा रेघ ओढली की पान फाटलं आणि भाचीनं घर डोक्यावर घेतलं.

प्लास्टर निघालं आणि भाऊजींच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली, या खेपेला कायद्यासकट. राळेगावच्या स्टँडवर एकदा ते माझ्याबरोबर होते. एस. टी. लागताक्षणी मी, जगातली प्रत्येक शहाणी बाई करते तेच केलं, खिडकीतून आत रुमाल टाकला. भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू मी कुणाचं पाकीटच मारलं.

"मास्तरीनबाई, हे आक्रमण हाये."

"भाऊजी, जागा रिकामी होती हो!"

"रिकामी असली म्हनून काय झालं? आंदी मानूस जाते, मंग रुमाल. रुमाल पुढं पाठवला म्हंजे हुकूम देल्ला." आणि माझ्या शेजारची जागा मोकळी असताना गाव येईपर्यंत दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा ना." तर त्याला ऐकवलं, "मी बेकायदा जागेवर बसत नाही." तसे ते कायदेशीर जागेवर तरी कुठे बसतात म्हणा.

मग ताईच्या बकरीनं शेजारच्यांची तूर खाल्ली. शेजारीण काठी घेऊन बकरीमागे धावत आली, तर भाऊजी मध्ये आडवे. "बकरी शिपाई हाये! तिले मारू नका. फाटक उघडं कोनं ठेवलं ते पाहा. हुकूम कोनाचा?" फाटक उघडं त्यांनीच ठेवलं होतं, सकाळी चहा घेऊन फेऱ्या मारताना. ताईनं बकरीला सोडून दिलं आणि फाटकवाल्याचं दुपारचं जेवण बंद केलं. गुन्हेगाराला शिक्षा झालेला हा या कायद्याखालचा एकमेव खटला असावा.

आणि बातम्या! गेली काही वर्षं बातम्यांनी त्यांना दम म्हणून घेऊ दिला नाही. टीव्हीवर रोज कुठे ना कुठे रणगाडे चाललेत, घरं पडलीत, बाया लेकरं घेऊन रस्त्यानं निघाल्यात. भाऊजी टीव्हीसमोर उभे, उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा एकदा या खांद्यावर, एकदा त्या. "ते पोट्टे लढून राह्यले हो, वीस-वीस वर्साचे. त्यायचं काय? हुकूम कोनाचा हाये? त्याले धराले कोनी गेलं काय?" मी एकदा, मास्तरणीच्या सवयीनं, खरं ते सांगून टाकलं की मोठमोठ्या देशांनी त्या कायद्याचा करार पुरता मान्यच केलेला नाही. ज्यानं तो मानला नाही त्याला आंतरराष्ट्रीय कोर्टात उभं करणं जवळजवळ अशक्य.

"म्हंजे स्वतःहून उभं राह्यलं तंच?"

"असंच समजा."

भाऊजी अंगणात उतरले. विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला मात्र त्या फेऱ्या बघून हसू येत होतं. मूर्ख बाई मी. "चोराच्या मनात चांदणं" ही म्हण शाळेत पंचवीस वर्षं वर्गाकडून घोकून घेतली, आणि ते चांदणं समोर अंगणात येरझारा घालत होतं तर मला दिसलं नाही.

सांगितलं ते ताईनं, यंदाच्या चैत्रात, कैऱ्या चिरता चिरता. भाऊजी आणि त्यांचे धाकटे भाऊ नानाभाऊ यांची वावरं लागून आहेत. मध्ये मातीचा बांध, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. धुऱ्याला खेटून नानाभाऊंच्या बाजूला एक गावरान आंबा आहे, असा आंबट की रस करायची कुणाची छाती होत नाही, लोणच्यालाच काय तो कामाचा. पण वाटणीत तो धाकट्याला गेला हे थोरल्याच्या मनात कुसळासारखं रुतलं. बारा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात नानाभाऊ लग्नाला बाहेरगावी गेले होते. तेवढ्यात भाऊजींनी आपल्या सालगड्याला, महादेवला, सांगितलं की वखर घाल आणि धुरा चार हात पलीकडे सरकव. मालकानं सांगितलं, गड्यानं केलं. आंबा अलगद भाऊजींच्या वावरात आला. फक्त घाईत एक राहून गेलं. धुऱ्यावर वर्षानुवर्षांचं गवत असतं, आणि हा नवा धुरा म्हणजे न्हाव्याकडून आल्यासारखा सफाचट. नानाभाऊंनी गाडीरस्त्यावरूनच ओळखलं.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. वयानं सगळ्यांत मोठा होता त्यानं महादेवला विचारलं, "हुकूम कोनाचा व्हता?" महादेवनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी आपल्या चपलांकडे पाहत होते. मग महादेव म्हणाला, "कोनाचा नाही. माह्या मनानं केलं." नानाभाऊंनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. धुरा परत जागेवर गेला, भाऊभाऊ पुन्हा गोड झाले, आणि पुढच्या गुढीपाडव्याला, सालगडी नव्यानं ठरतात तेव्हा, महादेवला गावात कुणीही ठेवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो बायकोला घेऊन सासुरवाडीच्या गावी निघून गेला.

"तवापासून हे त्या आंब्याचं लोनचं खात नाही," ताई म्हणाली. "इचारलं तं म्हनते, पित्त होते."

"आणि तू गप्प बसलीस? बारा वर्षं?"

"मंग काय करू? खरं सांगतलं असतं तं भाऊ तुटला असता ना ह्यायचा. एकच तं हाये." तिनं कैरी खाली ठेवली आणि डोळे पुसले, आणि तिखटाचा हात लागला म्हणून आणखी पुसले.

मला राग आला. भाऊजींचा आला, ताईचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या पुस्तकाचाही आला. निवांत बसलेल्या माणसाला उठवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. आधीच न बसणाऱ्या माणसाच्या हाती हे कशाला पडायचं?

अक्षय तृतीयेला ताईकडे वाडवडिलांच्या नावानं घागर भरतात आणि दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवतात. सुट्टी असल्यानं मीही होते. आमरस, कुरडया, चिंचवणी. नानाभाऊ रसात पोळी बुडवता बुडवता सहज म्हणाले, "दादा, त्या महादेवचा निरोप आला व्हता. म्हने गुडघे गेले, आता जड काम होत नाही, भुईमुगाले डुकरं येतात तं रखवालीले ठेवा. मी सांगून देल्लं, ज्यानं धुरा कोरला त्याच्या हाती वावर देत नसतो."

भाऊजी उठले. आम्हाला वाटलं नेहमीसारखे पातेलं आणायला उठले. ते दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले, परत आले, घागरीकडे बघत उभे राहिले. ताईच्या हातातली पळी हवेतच. मला ओरडावंसं वाटलं, की बसा हो, नाहीतर जा तरी. ते बसले.

"नाना, हुकूम माहा व्हता."

"कायचा हुकूम?"

"धुऱ्याचा. वखर महादेवनं धरला, पन सांगतलं म्या. अन् पारावर चूप राह्यलो, तेबी म्याच."

नानाभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं आता आंब्यावरून, जमिनीवरून भडका उडेल. पण त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "धुरा नेला असता तं चाललं असतं, दादा. आंबा मांगतला असता तं देल्ला असता. तुनं मले त्या मानसाच्या अंगावर हात टाकू देल्ला." त्यांनी हात धुतला, आपला लाल चौकटीचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, पायात चपला घातल्या आणि निघून गेले. वडिलांच्या नावाच्या घागरीला नमस्कार करायचाही राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला म्हणाले, "मास्तरीनबाई, चला माह्यासंगं. एकट्यानं जमनार नाही." या खेपेला मी रुमाल टाकला नाही. दोघंही महादेवच्या गावापर्यंत उभ्यानंच गेलो.

महादेव बाजेवर बसला होता, गुडघ्यांना रुईची पानं बांधून. भाऊजी उभे. "नानाले सांगून टाकलं," म्हणाले.

"कायले सांगतलं, मालक? माही काही तक्रार नव्हती."

"तुही नव्हती. माही व्हती."

महादेवनं गुडघ्यावरचं पान नीट केलं. मग म्हणाला, "माराचं काही नाही वाटलं, मालक. काम गेलं तेबी जाऊ द्या. पन त्या दिवशी तुमी एकडाव तं माह्याकडं पाहाचं व्हतं."

भाऊजींनी मान वर केली आणि पाहिलं. मी पर्समध्ये उगाचच किल्ल्या शोधायला लागले. बायकोनं चहा आणला, महादेवनं बाजेवर सरकून जागा केली आणि हातानं थोपटली. भाऊजी त्या जागेवर बसले, सगळेच्या सगळे बसले, आणि दोन कप चहा होईपर्यंत उठले नाहीत.

चार दिवसांनी नानाभाऊ मोटारसायकल घेऊन स्वतः त्या गावी गेले आणि महादेवला मागे बसवून घेऊन आले. तिथं काय बोलणं झालं कुणाला माहीत नाही. महादेवला रखवाली मिळाली, आंब्याखाली सावलीला बाज मिळाली. भाऊजींना मात्र अबोला मिळाला. हे समोरून आले तर नानाभाऊ वाट बदलत. ताईच्या मनात होतं तेच झालं. एकच भाऊ, तोही गेला.

आता भाऊजी सकाळी चहा झाला की वावरात जातात आणि धुऱ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला बसतात. बसतात! ताईला पहिल्यांदा पटलंच नाही, ती खात्री करायला वावरापर्यंत जाऊन आली. महादेव पलीकडे, हे अलीकडे, मध्ये गवताळ धुरा. दुपार झाली की आंब्याची सावली धुरा ओलांडून भाऊजींच्या अंगावर येते. मृगाच्या आदल्या आठवड्यात मी त्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा चिडवलं, "भाऊजी, ही सावली आक्रमणात धरायची का?" ते हसले, पण डोळे पलीकडेच होते. वावराच्या दुसऱ्या टोकाला नानाभाऊ आमच्याकडे पाठ करून उभे होते. रोज असेच असतात म्हणे.

"महादेव, नाना काही बोलला काय?"

"नाही, मालक."

"उद्या बोलन तो."

हेही रोजचंच, महादेव मला हळूच म्हणाला. मग तो बाजेवरून उठला, गुडघे धरत धुऱ्यापाशी आला आणि एक गाठोडं भाऊजींच्या मांडीवर ठेवलं. लाल चौकटीच्या दुपट्ट्यात कैऱ्या, हिरव्यागार, देठाला अजून चीक. भाऊजींनी दुपट्टा ओळखला. मीही ओळखला. आणि मग आमचं दोघांचंही लक्ष तिकडे गेलं, तर त्या मरणाच्या उन्हात नानाभाऊ बोडक्यानं उभे होते.

"हुकूम कोनाचा?" भाऊजींनी विचारलं.

महादेवनं एकदा त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं आणि मग सरळ भाऊजींकडे.

"कोनाचा नाही, मालक," तो म्हणाला. "माह्या मनानं आनल्या."